मामांचा अंगठा

टोपलीपाशी गेले की मामा आधी उजव्या हाताचा अंगठा पाण्याच्या तांब्यात बुडवत. मग तो ओला अंगठा मुळावरून हळूच फिरवत. वाळल्या दोरीसारखं पांढरं दिसणारं मूळ पाणी लागताच बघता बघता हिरवट होई. मामा डोळे बारीक करून मुळाचं टोक न्याहाळत आणि मान हलवत.

"डोळा न्हाय उघडला अजून. राहू दे."

ऊस लावणाऱ्यांना डोळा म्हणजे काय ते सांगायला नको. कांडीवरच्या ज्या जागेतून कोंब फुटतो तो डोळा. मामा मुरगूडकडचे, उसाच्या रानातून आलेले. आमरीच्या, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या, मुळाच्या टोकाला हिरवी, ओली चमक आली की तिलाही ते डोळाच म्हणत. फुलं गळून गेली, मधलं नवं पान वर निघालं आणि मुळांनी डोळे उघडले की मगच आमरीची जागा बदलायची. त्याआधी हलवलं तर ती जुन्या जागेची राहत नाही आणि नव्या जागेचीही होत नाही. एवढंच त्यांचं शास्त्र होतं. ते त्यांनी मला शिकवलं होतं, हे आधीच लिहून ठेवतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला राहू नये.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. एका कागदावर मी ते एकदा लिहिलं, तेवढं पुरे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे.

संस्थान विलीन झालं आणि कोल्हापुरातले काही बंगले सरकारकडे आले. त्यांतला एक पन्हाळ्याच्या रस्त्याला, एका सरदार घराण्याचा. त्याचं विश्रामगृह झालं, बाग आमच्या खात्याकडे आली आणि बागेच्या कागदांसाठी मी तिथं हंगामी कारकून म्हणून गेलो. मामा तिथं तीस वर्षांपासून होते. बंगल्याच्या मागं लाकडी पट्ट्यांचं एक सावलीघर होतं. आत उन्हाचे नुसते पट्टे पडत, आणि वरच्या दांड्यांना सागवानी पट्ट्यांच्या टोपल्या टांगलेल्या असत. त्यांत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या. माती चिमूटभरसुद्धा नाही. तेवढं घर म्हणजे मामांचं राज्य. कुंपणाला लागून त्यांची एक खोली होती, पण तिथं ते फक्त झोपायला जात.

विश्रामगृहात उतरलेला कोणी ना कोणी फिरत फिरत तिकडं येई आणि विचारी, "काय हो, ही बांडगुळं कशाला पाळली आहेत?"

मामांना हा प्रश्न आवडत असे असं मला वाटतं, कारण उत्तर तयार असे.

"पावणं, बांडगूळ झाडाचं रगात पितंय. ह्ये न्हाय पीत. ह्ये नुसतं बसाय जागा मागतंय." मग माझ्याकडं बघून, "बांडगूळ बगायचं आसंल तर हापिसात जावा. तितं खुर्च्यांवर बसल्यात."

पाहुणा हसे. मीही हसत असे. तेव्हा हसता येत होतं.

सगळ्या टोपल्यांत एक मोठी होती. सीतेची वेणी. तुमच्यापैकी कोणी राधानगरीच्या जंगलात वैशाखात फिरला असेल तर त्यानं पाहिली असेल. उंच झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस वेणीसारखे खाली लोंबतात. ही त्याच जंगलातली. एका पावसाळ्यात जांभळीचं झाड उन्मळून पडलं होतं, त्यावर ही होती. मामा आणि त्यांची मालकीण, म्हणजे बायको, दोघांनी ती डोक्यावरून आलटून पालटून चालत आणली. बंगल्याच्या बाईसाहेब म्हणाल्या, लावा आमच्याकडं. टोपलीच्या पट्ट्या मामांनी कापल्या, तांब्याची तार मालकिणीनं ओवली. पुढं मालकीण गेली. टोपली राहिली.

मी पाहिली तेव्हा ती टोपली कुजली होती. खालच्या दोन पट्ट्या बोटानं दाबल्या तर दबत. मामांनी शेजारच्या खिळ्याला एक नवी, मोठी टोपली करून अडकवून ठेवली होती. रिकामी. ती दोन वर्षं तशीच होती.

"मामा, बदलायची कधी?"

"येळ गावंना की." ते खरंच अडचणीत असल्यासारखे सांगत. "गेल्या साली मुळं डोळं उघडतील म्हनलं, तवर मला ताप. ह्या साली थंडीत हलवावं म्हनलं, तर हिनं आदीच दांडं काडलं. लेकुरवाळी बाई कशी हलवायची?"

"जुनी टोपली काढताना मुळं तुटतील ना?"

"काडायची कशाला? जुनी टोपली हाय तशी नव्या टोपलीत ठिवायची. मुळं आपली आपन भाईर येत्यात." तारेवर बोट ठेवून म्हणाले, "तार बी राहतीया."

मला तेव्हाच वाटलं होतं, वेळ न गावण्यात अर्धी गोष्ट झाडाची आणि अर्धी त्या तारेची आहे. पण ते मी बोललो नाही. न बोलणं हा माझा जन्माचा स्वभाव आहे. लोक त्याला सौजन्य म्हणतात.

मामांना अक्षर येत नव्हतं. हजेरी, सामानाची यादी, रजेचा अर्ज, जो कागद येई तो मी वाचून दाखवायचा. ते समोर उकिडवे बसून ऐकत. शेवटी एकच प्रश्न. "काय म्हनतोय कागद?" मी दोन वाक्यांत सांगे. "तुमी वाचलासा न्हवं? मग झालं." आणि तोच अंगठा, मुळांवरून फिरणारा, शाईच्या गादीवर टेकवत आणि मी दाखवीन तिथं उठवत. मग उठून तांब्यातल्या पाण्यानं चोळचोळून धूत. म्हणत, "शाई मुळास्नी सोसत न्हाय."

त्या वर्षी वैशाखात वेणी जशी फुलली तशी पुन्हा मी कुठं पाहिली नाही. घोस मोजायला गेलो तर मामांनी हात धरला. "मोजू नगा. दिष्ट लागंल."

त्याच सुमारास आमच्या घरी बायकोचं डोहाळजेवण होतं. तिला सातवा लागला होता. मी मामांना सहज सांगितलं. मामा फूल कधी तोडत नसत. बाईसाहेबांनी मागितलं तरी "उद्या देतो" म्हणून उद्यावर ढकलत. त्या दिवशी संध्याकाळी घरी निघालो तर फाटकाशी उभे. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला एक पुरा घोस.

"वैनीस्नी द्या. केसात माळा म्हनावं. आमच्या मालकिनीला दिला न्हवता मी कदी. मागत हुती."

बायकोनं तो माळला. त्या दिवशी घरी आलेल्या सगळ्या बायका आधी तिचे केस बघत होत्या. आजही कधी ती म्हणते, "ती फुलं कुठली होती हो?" मी म्हणतो, "होती बागेतली." वीस वर्षांत याहून जास्त तिला सांगितलेलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात दोन गोष्टी एकदम झाल्या. मामांच्या नातवाचं जावळ निघालं आणि ते चार दिवसांची रजा घेऊन मुरगूडला लेकीकडं गेले. आणि वरचे मोठे साहेब विश्रामगृह बघायला येणार असा निरोप आला.

निघताना मामा माझ्या टेबलापाशी आले. "मी येईस्तवर वेनीला कुनाचा हात लागू देऊ नगा."

"मी आहे ना, मामा."

हे चार शब्द मी म्हटलेले आहेत. कोणी माझ्या तोंडात घातलेले नाहीत.

मोठे साहेब येणार म्हटलं की आमच्या खात्यात एकच गोष्ट करतात. गेरू आणि चुना. कुंड्यांना गेरू, झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना गेरू, आणि सगळ्यांवर चुन्याचा पट्टा. पाण्याच्या हौदालासुद्धा. फाटकात एक म्हातारं कुत्रं झोपलेलं असे, ते वेळेवर उठून गेलं म्हणून वाचलं. आमचे ओव्हरसियर हातात काठी घेऊन बागभर फिरत होते आणि काठीनं दाखवतील त्याला गडी रंग फासत होते. फिरत फिरत ते सावलीघरात आले.

"ह्ये काय लोंबतंय?"

"सीतेची वेणी, साहेब. राधानगरीची."

"फूल झकास हाय. पण खोकं कुजलंय की! ह्याला गेरू कसा लावनार? कुंडीत घाला. चांगली मोठी कुंडी, भरपूर शेणखत."

"साहेब, ती फुलात आहे. आत्ता हलवता येत नाही. आणि माती चालत नाही तिला. माळी रजेवर आहे, तो आला की…"

"फुलात हाय म्हणूनच दिसाय पायजे. फुलं गेल्यावर काय पानं दाखवू साहेबास्नी?" ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमचा कायम व्हायचा कागद पुढं धाडायचाय न्हवं?"

एवढंच. धमकी नाही, आवाज नाही. हसत विचारलं होतं.

मी नाही म्हणू शकलो असतो का? या प्रश्नाशी मी वीस वर्षं बसलो आहे. म्हणू शकलो असतो. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याला सांगितलं असतं, वेणी बहुधा तशीही मेली असती, आणि मी हंगामी राहिलो असतो. पण मी दुसऱ्याला सांगूसुद्धा दिलं नाही. गडी धसमुसळे, त्यांच्या हातून फुलं झडतील आणि मग साहेब मलाच बोलतील, म्हणून झाड मी स्वतः धरलं. गड्यानं कोयत्यानं टोपली फोडली. मुळं पट्ट्यांना घट्ट चिकटलेली होती. तुटताना काकडी मोडल्यासारखा आवाज येत होता. मी ते कुंडीत ठेवलं, चहूबाजूंनी शेणखताची माती दाबली, घोस उभे राहावेत म्हणून काठी रोवली आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून खिशातल्या, फायली बांधायच्या लाल फितीनं ते काठीला बांधले. फुटकी टोपली पालापाचोळ्याबरोबर जाळात गेली.

दिसायला सुंदर दिसत होतं. हेही सांगायला हवं. गेरूची लाल कुंडी आणि वर गुलाबी घोस. क्षणभर मला वाटलं, मामा उगाचच भितात.

मोठे साहेब आले. व्हरांड्यात चहा प्याले, हौद पाहिला, घड्याळ पाहिलं आणि गेले. सावलीघराकडं फिरकलेसुद्धा नाहीत.

मामा परतले ते थेट सावलीघरात गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी सवयीनं अंगठा तांब्यात बुडवला आणि मूळ शोधू लागले. मूळ कुठं दिसत नव्हतं, सगळी माती. ओला अंगठा तसाच हवेत राहिला.

"टोपली कुटं हाय?"

"ओव्हरसियरसाहेबांचा हुकूम होता, मामा. गड्यांनी केलं. मी ऑफिसात होतो."

"व्हय?" ते म्हणाले.

मग त्यांनी घोसांभोवतीची लाल फीत सोडवली. गाठ घट्ट होती, त्यांना वेळ लागला. फीत सरळ करून बोटाभोवती नीट गुंडाळली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हापिसाची हाय. ठिवा."

पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पाचोळा जाळला होता तिथं ते राख उपसताना मी लांबून पाहिलं. वीतभर काळी पडलेली तार मिळाली, ती त्यांनी मुंडाशात खोचली. वेणी मातीतून काढली, मुळं धुतली, कोळसा आणि काथ्या घालून नव्या टोपलीत बसवली. पाऊस लागला होता. शेणखताची ओल गाभ्यात उतरली होती. पानं एकेक करून बुडाशी काळी पडत आणि हात लावताच सुटून येत. मामा रोज अंगठा भिजवून मुळांवरून फिरवत. मूळ हिरवं होत नसे. श्रावणात एके सकाळी त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "गेली."

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. झाडं मरतात.

बाईसाहेब पुण्याला राहायला गेल्या होत्या. त्यांनी खात्याला पत्र लिहून विचारलं की, बंगला ताब्यात देताना यादीत वेणीची खास नोंद केली होती, ती कशी आहे? पत्र वरून खाली आलं आणि झाड फुलात असताना हलवल्यानं मेलं, असं उत्तर गेलं. फुलावर असताना झाड कोणी हलवलं, याचा खुलासा मागितला गेला. ओव्हरसियरसाहेबांनी तोंडी हुकूम दिला होता, तो त्यांना आठवेना.

"माळ्याचा जबाब घ्या," ते मला म्हणाले. "न्हायतर तुमचा घ्यावा लागंल. बगा."

माझ्या घरी तेव्हा महिन्याचं मूल होतं.

जबाब मी लिहिला. वळणदार अक्षरात. "मी गैरसमजुतीने, वरिष्ठांची परवानगी न घेता, सदर झाड फुलावर असताना कुंडीत हलविले. त्यामुळे ते नष्ट झाले. हा माझा निष्काळजीपणा आहे." खाली त्यांचं नाव. मामांना बोलावलं. ते समोर उकिडवे बसले. मी कागद हातात धरला आणि त्यावर नसलेलं वाचलं. किती झाडं जिवंत, किती मेली, किती टोपल्या, किती कुंड्या. मध्ये एकदा मी अडखळलो, पुन्हा सुरू केलं.

"काय म्हनतोय कागद?"

"बागेची वर्षाची यादी आहे, मामा."

ते माझ्याकडं बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, "तुमी वाचलासा न्हवं? मग झालं." आणि अंगठा उठवला. त्या दिवशी तो धुवायला मात्र ते तांब्याकडं गेले नाहीत. धोतरालाच पुसला.

तो कागद अजून आहे. मी आता त्याच खात्यात हेडक्लार्क आहे, जुन्या फायलींचं कपाट माझ्याच ताब्यात असतं. कितीदा तरी ती फाईल हातात आली. काढून फाडून टाकता आली असती, नाहीतर त्यावर खरं लिहिता आलं असतं. मी तिच्यावरची धूळ झटकतो आणि परत ठेवतो.

मामांना कामावरून काढल्याचा आणि माझा कायम झाल्याचा हुकूम एकाच टपालानं आला. त्यांना आठ दिवसांत खोली सोडायची होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडली. एक ट्रंक, एक वळकटी आणि हातात ती नवी टोपली, रिकामी. बाकीच्या टोपल्या जागच्या जागी पाणी घालून ठेवल्या होत्या. मी फाटकापर्यंत गेलो.

"झालासा न्हवं कायम?"

"झालो, मामा."

"बरं झालं." आणि वैनींना, बाळाला सांभाळा, असं काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही, की मी ऐकलं नाही. वळणावर त्यांचं मुंडासं दिसेनासं होईपर्यंत मात्र उभा राहिलो.

मुरगूड कोल्हापूरपासून काही लांब नाही. मला जायला तीन वर्षं लागली. तेही कामासाठी गेलो म्हणून. काम आटोपल्यावर पाय आपोआप वळले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मी एस.टी.च्या थांब्यावर तासभर बसलो, एक गाडी सोडली आणि मग पत्ता विचारत गेलो.

लेक दारातच भाकरी थापत होती. मी नाव सांगितलं. तिनं पीठ लागलेले हात थांबवले आणि मला वर-खाली पाहिलं.

"बागंतलं कारकून न्हवं तुमी? बसा की. बाबा गेलं गेल्या आखाडात."

मी बसलो. आजारी होते का, असं काहीतरी विचारलं.

"आजार कसला. हात रिकामं हुतं, दुसरं काय." ती पुन्हा थापू लागली. "रोज सकाळी अंगठा भिजवायचं आन दाराफुडच्या आंब्याच्या सालीवर फिरवत बसायचं. म्या म्हनायची, बाबा, तितं काय न्हाय. म्हनायचं, ठाव हाय."

मग न विचारता तिनं सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं.

"त्या कागदाचं बाबास्नी तवाच कळलं हुतं. म्हनायचं, पोरगं कागद वाचताना अडखळलं. दुसऱ्या कुटल्या कागदाला त्ये कदी अडखळलं न्हवतं."

"मग अंगठा का दिला?" हे मी विचारलं. मी.

"म्या बी त्येच इचारलं. भांडली म्या. तर म्हनालं, घरात बायकू बाळंतीन, म्हैन्याचं ल्येकरू. पोरगं फुलात हाय. फुलात आसताना हलवू न्हाई."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मी उठू लागलो तर म्हणाली, "जेवूनच जावा. बाबांच्या हापिसातलं मानूस उपाशी कसं धाडू?"

भिंतीवरच्या खिळ्याला ती सागवानी टोपली टांगलेली होती. काठाला वीतभर काळी तार गुंडाळलेली. त्यात तिनं कांदे ठेवले होते. तिनं हात घालून शेवटचे दोन काढले, बुक्कीनं फोडले आणि भाकरीशेजारी माझ्या ताटात ठेवले. हलकी झालेली टोपली खिळ्यावर जराशी हलली आणि थांबली.

मी जेवलो.